सिलिंडरमध्ये पाणी: आधी वाट शोधा, मग गॅस्केट बदला

मी राणीसावरगावहून बोलतोय, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. इंजन दुरुस्तीचं काम करतो.

होडीचं इंजन असो की विहिरीवरचं, दोन्ही बहुतेक बाहेरच्या पाण्यावर थंड होतात. म्हणून सिलिंडरमध्ये पाणी शिरण्याचं दुखणं दोघांनाही आहे. मी आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजनाबद्दल सांगतो.

दसरा झाला की ज्वारी-हरभऱ्याच्या पाण्यासाठी बंद पडलेली इंजनं बाहेर निघतात. हँडल मारलं की अर्ध्यात अडकतं. वाटतं, गंजलंय. शिकाऊ असताना मलाही तसंच वाटलं. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलला, फ्लायव्हीलला वेग दिला आणि लिव्हर सोडला. आत पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला आणि त्या शेतकऱ्याचं पाणी हुकलं.

म्हणून अडकलं की थांबा. नोझल काढा, तोंड बाजूला ठेवा आणि इंजन हळू फिरवा. पाणी असेल तर उडून बाहेर येईल.

आता प्रश्न असा, की ते आलं कुठून? लगेच गॅस्केट बदलू नका. उभ्या सायलेन्सरवर टोपण नसेल तर पावसाचं पाणीही आत उतरतं. सिलिंडर कोरडा करा, जॅकेट रिकामं करा, सायलेन्सर झाका. मग इंजनापेक्षा उंच ठेवलेल्या डब्यातून नळीनं जॅकेट भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी नोझलच्या भोकातून बघा. पाणी दिसलं तर वाट आतलीच: गॅस्केट, हेडची चीर नाहीतर लायनर. कोरडं असेल तर सायलेन्सरवर संशय घ्या. पण काही चिरा गरम झाल्यावरच उघडतात, म्हणून इंजन तापवून हीच तपासणी पुन्हा करा.

चालू इंजनातून बाहेर येणाऱ्या पाण्याची नळी बादलीत बुडवली आणि बुडबुडे आले, तर कॉम्प्रेशन जॅकेटमध्ये जातंय. पण पंप हवा ओढत असला तरी बुडबुडे येतात बरं का. म्हणून तेव्हाही पाणी डब्यातूनच द्या.

ऑईलही बघा. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर ते बदलल्याशिवाय इंजन चालू करायचं नाही. ऑईलमध्ये पाणी आहे पण सिलिंडर कोरडा आहे, तर लायनरखालचं रबर तपासा.

हेड उघडलंच, तर रॉकेल लावून पुसा आणि खडूची पूड टाका. चीर असेल तिथं ओली रेघ उमटते. रेघ नसेल तर सपाट पट्टी ठेवून हेड वाकलंय का बघा. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.

दोन दिवस जातील, जाऊ द्या. चुकीच्या जागी घातलेला पैसा परत येत नाही. आणि टोपण नसेल, तर पाऊस लागायच्या आत एक डबा तरी उपडा घाला. राम राम.