घाटांत तापणारी मोटार

उन्हाळ्याच्या सुट्टींत सांगलीहून महाबळेश्वरास निघालेली मोटार कृष्णेच्या उगमाकडे चालते. आष्टा, कराड, सातारा, वाई हा बहुतेक मार्ग कृष्णेच्या खोऱ्यांतला. वाईपर्यंत गाडी बिनतक्रार येते. पुढें पसरणीचा घाट लागतो, पांचगणीकडे जाणाऱ्या मोटारींची रांग अडते, गाडी पहिल्या गिअरमध्यें पावलापावलानें सरकूं लागते, आणि उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या रेघेकडे झुकतो. थोड्याच वेळांत बॉनेटखालून वाफ येते. गाडी थांबतांच भोंवतीं चार माणसें जमतात आणि एकमुखानें सांगतात, "झांकण काढा, पाणी ओता!"

हा सल्ला सर्वांत घातक होय. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें. सुमारे १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरीं तें ९५ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. रेडिएटरचें झांकण आंतील पाणी दाबाखालीं ठेवतें म्हणूनच तें १०० अंशांवर जाऊनहि पाणीच राहतें. झांकण फिरवितांच दाब सुटतो, साऱ्या पाण्यास एकदम उकळी फुटते आणि तें तोंडावर व हातांवर उसळतें. म्हणून इंजिन बंद करून निदान अर्धा तास स्वस्थ बसावें. तापलेलें इंजिन तसेंच दामटल्यास हेड गॅस्केट जळतें, हेड वांकतें, आणि मग दुरुस्तीचा खर्च सबंध सहलीच्या खर्चासहि मागें टाकतो.

वाट पाहतांना एका प्रश्नाचा विचार करावा. गाडी कराड-सातारा रस्त्यावर कां तापली नाहीं? तेथें ती वेगानें धांवत होती आणि समोरून येणारा वाराच रेडिएटरला थंड करीत होता. पंख्याची गरज क्वचितच पडत होती. घाटांत वेग गेला, वारा गेला, इंजिनाचे श्रम मात्र वाढले. आतां सारी भिस्त पंख्यावर. तेव्हां जी गाडी उभी असतां तापते आणि चालूं लागतांच निवते, तिच्या पंख्यावर प्रथम संशय घ्यावा. जी मोकळ्या रस्त्यावर वेगांतहि तापते, तिचा पंखा बहुधा निर्दोष असतो. तेथें कूलंटची गळती, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट किंवा आंतून चोंदलेला रेडिएटर तपासावा. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें घाटांतील कित्येक दुरुस्त्या भलत्याच ठिकाणीं होतात. रस्त्यावरचा कारागीर थर्मोस्टॅटच काढून टाकतो. सपाटीवर कांटा खालीं राहतो, मालक खूष होतो, आणि पुढच्या घाटांत पुन्हां तीच वाफ!

जुन्या अँबॅसडरचा किंवा पद्मिनीचा पंखा इंजिनच पट्ट्यानें फिरवी. पट्टा सैल झाला कीं नाहीं हें बोटानें दाबून कळे. १९८३ साली मारुती ८०० आली. तिचें इंजिन आडवें, म्हणून पंखा विजेच्या मोटरवर. आज लहान गाड्यांत हीच रीत आहे. उष्णता जाणणारा सेन्सर, त्याच्या इशाऱ्यावर चालणारा रिले, फ्यूज आणि मोटर अशी ही सांखळी असून तिचा कोणताहि दुवा तुटूं शकतो.

कोणता तुटला, हें घरच्या अंगणांतहि पाहतां येतें. इंजिन चालू करून एअर कंडिशनर लावावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरूं लागतो. तो फिरला, पण एअर कंडिशनर बंद असतां इंजिन तापूनहि फिरत नसेल, तर मोटर शाबूत आहे आणि दोष बहुधा सेन्सरकडे किंवा त्याच्या तारेकडे. मुळींच न फिरल्यास फ्यूज पाहावा. नंतर त्याच जातीचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, त्या जागीं लावून पाहावा. तरीहि पंखा निश्चल राहिल्यास कारागिराकडून मोटरला बॅटरीचा प्रवाह सरळ देववावा. नवा फ्यूज लगेच जळाल्यास मोटर अडकली आहे असें समजावें. तेथें जाड तार गुंडाळणें म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणें होय. इंजिन बंद केल्यावरहि पंखा आपोआप सुरू होऊं शकतो, हें विसरून कोणीं बोटें आंत घालूं नयेत.

पंखा फिरतो, तरी गाडी तापते, असाहि एक फसवा प्रकार आहे. मोटर दुरुस्त करतांना तारा उलट जोडल्या गेल्यास पंखा उलटा फिरतो. पंखा रेडिएटरच्या मागें असल्यास समोरच्या जाळीशीं धरलेला कागद आंत ओढला जावयास हवा. तो बाहेर फडफडला तर चूक उघड झाली.

सांगलीकडच्या गाड्यांस आणखी दोन कारणें संभवतात. उसाच्या हंगामांत ट्रॉल्यांच्या मागें चालणाऱ्या गाडीच्या जाळींत पाचोळा, धूळ व किडे जाऊन बसतात. ते मागून पुढें, हलक्या धारेनें धुवावे. आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत बुडालेल्या गाड्यांचीं जोडणीं वरून कोरडीं दिसलीं, तरी गढूळ पाणी शिरलेल्या जोडणींत गंज हळूहळू वाढत राहतो. पूर पाहिलेली जुनी गाडी घेणाऱ्यानें पंख्याची जोडणी उघडून पाहावी. हिरवट पूड दिसल्यास ती बदलावी.

आणि हें सारें घरीं पाहावयाचें राहून गेलें, कांटा घाटाच्या मध्यावरच चढूं लागला, तर? एअर कंडिशनर बंद करावा, खिडक्या उघडाव्या आणि गाडींतील हीटर पूर्ण वेगानें सोडावा. इंजिनाची कांहीं उष्णता त्या वाटेनें बाहेर पडते आणि सुरक्षित जागेपर्यंत गाडी नेतां येते. मे महिन्याच्या दुपारीं पायांवर गरम हवा आल्यावर मागच्या बाकावरून कुरकुर ऐकूं येईल. ती पांचगणीपर्यंत ऐकून घ्यावी लागेल.