जुन्या विमानाची वही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कवी विमानाबद्दल बोलणार म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आता हा ढग, पक्षी आणि निळं आकाश यांच्यात शिरणार. तसं काही नाही. मी बोलणार आहे जमिनीवर उभ्या असलेल्या एका जुन्या विमानाबद्दल. त्याच्या तेलाबद्दल, त्याच्या पत्र्याबद्दल आणि मुख्य म्हणजे त्याच्या वहीबद्दल.

१९९१ मध्ये मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. घरात दखनी बोलणारा मुलगा मराठी घेऊन बी.ए. होतो, वर कविताही करतो, याचं गल्लीत कौतुक होतं. पण कौतुकावर चूल पेटत नाही. माझे थोरले भाई विमानांचे परवानाधारक इंजिनिअर. आमच्या शहराबाहेर एक लहानशी धावपट्टी होती, तिच्या कडेला पत्र्याचं हँगर होतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी मला तिथल्या कचेरीत कारकून म्हणून चिकटवलं. माझं अक्षर चांगलं होतं, एवढीच माझी लायकी.

हँगरमध्ये वैमानिकांना शिकवायची दोन विमानं होती आणि तिसरं एका शेठचं खाजगी. ते होतं सेसना १७२, १९७५ सालचं. चार माणसं बसतील एवढं. पंख छताच्या पातळीवर, दोन्ही बाजूंनी एकेक तिरका टेकू, नाकाशी एक पंखा. अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे, तिथली ही कंपनी. १९५६ पासून या जातीची चव्वेचाळीस हजारांहून जास्त विमानं तयार झाली. १९८७ च्या मे महिन्यात मथायस रुस्ट नावाचा अठरा वर्षांचा जर्मन मुलगा सोव्हिएत सरहद्द ओलांडून थेट मॉस्कोच्या लाल चौकाला लागून उतरला, तोही याच जातीच्या विमानातून. थोडक्यात, ही आकाशातली बैलगाडी. साधी, सोशिक आणि नीट ठेवली तर पिढ्यान् पिढ्या चालणारी.

हँगर बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारायचा, 'हे विमान किती वर्षांचं?' भाई म्हणायचे, 'वर्षं विचारू नका, तास विचारा.' आणि खरंच, विमानाचं वय उड्डाणाच्या तासांत मोजतात. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला विमान चालवत आले. १९३२ साली त्यांनी त्याच वाटेनं टपाल आणलं होतं, त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. या खेपेचं विमान होतं लेपर्ड मॉथ, १९३० च्या दशकातल्या बनावटीचं. म्हणजे चालवणाराही म्हातारा आणि विमानही म्हातारं, पण दोघंही उडण्याच्या लायकीचे होते, कारण दोघांची निगा राखलेली होती.

ही निगा कशी असते ते मी खुर्चीत बसून पाहिलं. शेठच्या विमानाचं इंजिन चार सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. एक बंद पडला तर दुसऱ्यानं घरी आणावं, हा हिशेब. रोज पहिल्या उड्डाणाआधी पंखातल्या टाकीखालची कळ दाबून थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यायचं आणि उजेडात धरायचं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. रात्रीच्या गारव्यानं टाकीत पाणी जमलं असेल तर ते तळाशी वेगळं दिसतं. ते सगळं काढून टाकल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

पन्नास तासांनी तेल बदलायचं. जुना फिल्टर फेकायचा नाही, तो कापायचा. आतला घड्यांचा कागद उलगडून भाई त्यावरून लोहचुंबक फिरवायचे. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला तर इंजिन आतून कुठंतरी झिजतंय. तपासणीला सिलिंडरमध्ये ऐंशीच्या दाबानं हवा भरायची आणि किती टिकते ते बघायचं. सत्तरच्या वर असेल तर भाई खूश. कमी भरली तर ते कान लावून बसायचे. सूं आवाज धुराच्या नळीतून आला तर धूर सोडणारी झडप गळते. कार्ब्युरेटरच्या बाजूनं आला तर आत घेणारी झडप. तेल ओतायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. हकीम नाडी बघतो ना, तसं. एकेका बोल्टला बारीक तार ओवून पीळ द्यायचा, म्हणजे थरथरीनं बोल्ट सैल होऊ नये. तो पीळही बोल्ट घट्ट होईल त्याच दिशेनं द्यायचा.

एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. विमान उडून जितकं खराब होतं, त्याहून जास्त उभं राहून खराब होतं. या इंजिनात झडपा हलवणारा दांडा, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात, तो वरच्या बाजूला असतो. इंजिन बरेच दिवस बंद राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं, दांडा उघडा पडतो आणि पावसाळ्यातल्या दमट हवेनं गंजतो. साधारण दोन हजार तासांनी सगळं इंजिन उतरवून नव्यानं बांधायचं असतं. पण दोन पावसाळे उभं राहिलेलं इंजिन त्याच्या कितीतरी आधी मान टाकतं.

आता वहीकडं येतो. प्रत्येक विमानाच्या वह्या असतात. सांगाड्याची वेगळी, इंजिनाची वेगळी. विमान जन्मल्यापासून किती तास उडालं, काय मोडलं, काय बदललं, कोणी बदललं, सगळं तारीखवार, खाली सही आणि परवान्याचा क्रमांक. कारखान्याच्या देशातून सक्तीचे हुकूम येतात, तेही पाळल्याची नोंद. सेसनाच्या खुर्च्यांचंच घ्या. त्या रुळांवर पुढं-मागं सरकतात. रुळाला भोकं असतात, त्यात खुर्चीची खुंटी अडकते. भोकं झिजली तर विमान चढायला लागताच वैमानिक खुर्चीसकट मागं घसरतो. हातातलं चाक घट्ट धरलेलं असतं, तेही त्याच्याबरोबर मागं ओढलं जातं आणि विमानाचं नाक नको तेवढं वर जातं. म्हणून १९८७ साली अमेरिकेतून हुकूम निघाला की हे रूळ ठरावीक तासांनी तपासा. खुर्चीचं भोक ते केवढं, पण त्याचीही नोंद वहीत लागते.

या वहीचा एक नियम आहे. चुकलं तर रबर नाही, ब्लेड नाही. चुकलेल्या ओळीवर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मी तेव्हा रात्री जागून कविता खोडत होतो. आवडली नाही ओळ की काळी करून टाकायची, मागमूस ठेवायचा नाही. दिवसा मात्र या वह्यांच्या सहवासात असायचो.

१९९३ साली शेठनी विमान विकायचं ठरवलं. परराज्यातलं गिऱ्हाईक आलं. विमान दिसायला झकास होतं, पण वहीत १९८६ सालचं एक पान होतं. त्या वर्षी उतरताना पुढचं चाक आधी टेकलं, तेही जोरात. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत असते, फायरवॉल म्हणतात तिला. पुढच्या चाकाचा दणका तिलाच बसतो. ती चुरगळली होती. पंख्याची टोकं जमिनीला लागून वाकली होती. पंखा असा अडकला की इंजिन वरून धड दिसलं तरी उघडून बघावं लागतं. भाईंनी सगळं इंजिन उघडलं, तडे गेलेत का ते तपासलं, भिंतीचा पत्रा बदलला, नवे रिव्हेट मारले आणि दीड पानभर नोंद केली. त्यानंतर विमान सात वर्षं बिनघोर उडालं.

शेठ कचेरीत आले तो शुक्रवार होता. भाई जुम्म्याच्या नमाजला गेले होते. शेठ मला म्हणाले, 'गाडलेली मढी कशाला उकरायची? विमान आता ठीक आहे की नाही? जुनी वही पावसात भिजली म्हणायचं. तू नव्या वहीत आजपर्यंतचे तास उतरव, बाकी थोडक्यात लिही. उस्तादांचं मी बघतो.' आणि जाता जाता म्हणाले, 'तुझं कवितेचं पुस्तक काढायचंय ना? छपाईचा खर्च माझ्याकडं लागला.'

श्रोतेहो, खोटं कशाला बोलू? मी नवी वही उघडली. वळणदार अक्षरात दोन पानं लिहिली. मनाची समजूतही घातली की विमान खरंच ठीक आहे, भाईंनीच दुरुस्त केलंय, मग कोणाचं काय बिघडणार? लिहिताना डोळ्यांसमोर माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं.

भाई आले. टोपी काढून खिशात ठेवली आणि वही वाचली. ओरडले नाहीत. माझ्या हातातलं पेन घेतलं, दोन्ही पानांवर एकेक रेघ मारली, 'रद्द' लिहून सही केली, तारीख घातली. मग म्हणाले, 'मी सही करतो तेव्हा त्या विमानात उद्या कोण बसणार, ते मला ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर त्यालाच तोंडी सांगितलं असतं. वही कशाला लागली असती?'

मी म्हणालो, 'पण भाई, काम तर तुम्ही पक्कं केलंय.'

'पक्कं केलंय म्हणून तर लिहिलंय,' ते म्हणाले. 'उद्या दुसरा कोणी इंजिनिअर टॉर्च घेऊन खाली वाकेल. एवढ्या पत्र्यात तो कुठं बघेल? वही सांगेल तिथं. पान काढून टाकलंस तर तू त्याच्या टॉर्चचा सेल काढून घेतलास.'

गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरला भाईंनी स्वतः ते पान उघडून दाखवलं. त्यांनी किंमत सव्वा लाखानं कमी मागितली. शेठ अडून बसले आणि सौदा मोडला. शेठनी विमानाचं काम भाईंकडून काढून घेतलं. महिन्याची ठरलेली रक्कम गेली, आणि ती आमच्या घराला जाणवली. बहिणीचं लग्न तोंडावर होतं. अम्मी काही बोलली नाही, पण त्या वर्षी ईदला कोणाला नवे कपडे झाले नाहीत. भाईंचं बरोबर होतं असं मी आज म्हणतो. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

विमान दोन पावसाळे कोपऱ्यात उभं राहिलं. टायर बसले. हवेचा वेग मोजायची नळी असते, तिच्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं. १९९५ मध्ये शेठनी पुन्हा भाईंनाच बोलावणं धाडलं. इंजिन उघडलं तर कॅमशाफ्टला गंज. अखेर विमान एका उड्डाण शिकवणाऱ्यानं घेतलं, जुन्या वहीसकट आणि त्या पानासकट. मिळालेली किंमत पहिल्या गिऱ्हाइकाच्या मागणीहूनही बरीच कमी होती. जाताना शेठ भाईंच्या हातात पाकीट देऊन गेले. त्यात थकलेल्या पैशांचा हिशेब होता, बाकी चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

तुम्ही विचाराल, त्या विमानाला पुढं काही झालं का? काही झालं नाही. त्या फायरवॉलनं कधी दगा दिल्याचं आमच्या कानावर आलं नाही. म्हणजे माझी ती दोन खोटी पानं कदाचित चालूनही गेली असती. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर ही बोधकथा व्हायची. खऱ्याचं भलं आणि खोट्याचं वाईट लगेच झालं असतं, तर वही लिहायला कारकूनही लागला नसता आणि सहीही.

याच काळात तिकडं अमेरिकेतही हाच प्रश्न गाजत होता. जुन्या विमानांच्या अपघातांवरून कारखान्यांवर खटले भरले जात होते. १९८६ मध्ये सेसनानं एका इंजिनाची ही लहान विमानं बनवणंच थांबवलं. मग १९९४ साली तिथं कायदा झाला की लहान विमान अठरा वर्षांचं झालं, की काही अपवाद सोडून कारखान्यावर दावा लावता येणार नाही. १९९६ मध्ये सेसना १७२ पुन्हा बनू लागलं. हा कायदा वाचला तेव्हा मला भाईंची आठवण आली. अठरा वर्षांनी बनवणारा मोकळा होतो. मग ते विमान कोणाच्या भरवशावर उडतं? जो ते सांभाळतो, जो दुरुस्त करतो आणि जो खरं सांगून विकतो, त्यांच्या. जुनी वस्तू विकताना आपण फक्त वस्तू विकत नाही, तिची हकीकतही सोपवतो. घर असो, मोटार असो, विहीर असो. लपवलेली चीर घेणाऱ्याच्या वाट्याला जाते, आणि ती कुठं आहे हे त्याला माहीत नसतं.

माझं पुस्तक पुढं सहा वर्षांनी निघालं, पगारातून साठवून. भाई आता निवृत्त आहेत. ऐकायला कमी येतं. पण लहान विमान डोक्यावरून गेलं की अंगणात येतात, मान तिरकी करून उभे राहतात आणि मला विचारतात, 'आवाज बरा आहे ना रे?' मी 'बरा आहे' म्हणतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्यांना खोटं सांगायचं नाही म्हणून आधी नीट कान देऊन ऐकतो.