तारेच्या कडेचे पांढरे डाग

दात सरळ करण्याच्या तारांवर बोला, असं मला सांगितलंय. तार कोणत्या वयात लावावी, खर्च किती येतो, दुखतं का, हे तुम्हाला शेजारणीपासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी सांगून झालेलं असणार. ते मी सोडून देते. मला बोलायचंय ते तार निघाल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या डागांबद्दल.

तार दीड-दोन वर्षं असते. ती निघते त्या दिवशी मूल आरशापुढून हलत नाही. दात एका ओळीत आलेले असतात, आणि वरच्या पुढच्या दातांवर, ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा चिकटवलेला तुकडा, होती त्या चौकोनाच्या कडेने, खडूच्या रंगाची रेघ. आई विचारते, "डॉक्टर, हा तुमच्या गोंदाचा डाग ना?" नाही हो. नीट बघा. गोंद होता तिथला दात धड आहे. डाग पडलाय तो गोंदाच्या भोवती.

घरातली कढई आठवा. घासताना मधला भाग लख्ख निघतो, कारण हात तिथेच फिरतो. कान जिथे ठोकलेले असतात, तिथे मात्र कीट साचतं. दाताला ब्रॅकेट चिकटवली म्हणजे दाताला कान फुटले. असे वीसेक कान, आणि ते सगळे तारेने बांधलेले. वरवर ब्रश फिरवून मूल म्हणतं, "घासले." मधलं घासलं रे बाळा, कानाचं काय? आणि कढईचं कीट उद्या घासलं तरी निघतं. दातावरची रेघ घासून निघत नाही, कारण ती वर चिकटलेली नाहीच. आतले क्षार निघून गेलेत, म्हणून ती जागा पांढरी दिसते.

क्षार नेतं कोण? साचलेल्या थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल करतात. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांत आम्लता वाढते आणि ओसरायला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९४०च्या दशकातच हे मोजून दाखवलंय. पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळू लागतं. लाळ क्षार परत आणते, पण तिला वेळ तर द्याल? चहाबरोबर बिस्किट, तासाभराने चिक्की, मग सरबताचे घोट. थर तसाच राहिला तर चार आठवड्यांतही डाग दिसू लागतो. दोन वर्षं नाही हो, चार आठवडे!

१९८२ साली गोरेलिक, गायगर आणि ग्विनेट यांनी तारवाल्या रुग्णांचे दात तपासले. जवळजवळ निम्म्यांच्या किमान एका दातावर असा डाग होता. गंमत पुढेच आहे. खालच्या पुढच्या दातांना जिभेच्या बाजूने दीर्घकाळ तार चिकटवलेली होती, तिथे डाग नव्हते. तिथे लाळ सतत खेळत असते. म्हणजे दोष तारेचा नाही. पुन्हा सांगते, दोष तारेचा नाही, तिच्या कडेला साचणाऱ्या थराचा आहे.

तारेची सामग्री खूप सुधारली. १९५५मध्ये ब्युओनोकोर यांनी दातावर अर्धा मिनिट फॉस्फरिक आम्ल लावलं की प्लास्टिकसारखं रेझिन घट्ट बसतं हे दाखवलं. त्याच वाटेने पुढे, प्रत्येक दाताला धातूचं कडं घालायचे दिवस गेले. १९७०च्या दशकात निकेल-टायटॅनियमची तार आली. वाकवली तरी मूळ आकाराकडे येते आणि दाताला हळुवार ओढते. फ्लोराइड सोडणारं सिमेंटही आहे, पण त्याची पकड नेहमीच्या रेझिनइतकी घट्ट नसते. हे सगळं खरं, पण कान घासून देणारी तार अजून कुणी काढलेली नाही.

तेव्हा रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. फ्लोराइडची पेस्ट घ्या. ब्रश तारेच्या वर एकदा, खाली एकदा, तिरका धरून हिरडीकडे. तारेखालून जाणारा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. गोड खायचं तर जेवणाबरोबर, अधेमधे नाही. दिवाळीत लाडू बंद करा असं मी म्हणत नाही, दिवसभर डबा उघडा ठेवू नका एवढंच. डॉक्टरांना फ्लोराइडच्या लेपाबद्दल विचारा, आणि डाग दिसू लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

रिटेनरबद्दलही बोलायचं होतं. तार काढल्यावर तो लावला नाही तर दात हळूहळू जुन्या जागेकडे सरकतात, कारण हिरडीतले तंतू... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून घड्याळ दाखवलं जातंय. ते पुढच्या वेळी. आज एवढंच करा, मूल ब्रश करून आलं की त्याचा वरचा ओठ उचला आणि ब्रॅकेटच्या हिरडीकडच्या कडेला बघा. तिथे पांढुरका थर दिसला तर परत मोरीवर पाठवा. रुसेल, रुसू दे.