हंसाबेनांची नऊ वर्षं



सयाजीराव महाराजांचं नाव निघालं की आपल्या घरांत माना ताठ होतात. पण महाराज गेले 1939 साली आणि त्यांच्या नावाचं विद्यापीठ झालं 1949 मध्ये. त्याची घडी बसवली पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांनी. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या. 1958 पर्यंत, नऊ वर्षं त्याच खुर्चीत! आम्हा सरकारी नोकरांची तीन वर्षांत बदली होते, म्हणून हा आकडा आम्हाला मोठा वाटतो.

1881 चं बडोदा कॉलेज, 1890 चं कलाभवन, सगळं एका विद्यापीठात आलं. 1950 मध्ये ललितकला विद्याशाखा निघाली आणि चित्रं काढणाऱ्या पोरालाही पदवी मिळू लागली. तिथे चित्रकला शिकवणारे बेंद्रे आपल्या इंदूरचे. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यात ‘मेन’ऐवजी ‘ह्यूमन बीइंग्ज’ हे शब्द आले, तेही याच बाईंच्या आग्रहामुळे.

मंडपात महाराजांच्या तसबिरीशेजारी हंसाबेनांचा फोटो लावावा, असं आम्ही कार्यकारिणीला सुचवलं आहे. खिळा आम्हीच ठोकू.