चौथ्या चिन्हावर अडलेला संगणक

हायकू नावाची संगणकप्रणाली फार थोड्यांनी पाहिलेली असते. तिचे मूळ बीओएसमध्ये. बीओएस ही ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘बी’ कंपनीची प्रणाली. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता ‘पाम’ने विकत घेतली आणि बीओएसला वाली उरला नाही. चाहत्यांनी त्याच वर्षी ती पहिल्यापासून नव्याने लिहायला घेतली. २००४ मध्ये तिला हायकू हे नाव मिळाले. पाचवी बीटा आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली.

हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी तो बहुधा हार्डवेअरची कंपनीच देते. हायकूच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही. तिचे वायफायचे बरेचसे ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या प्रणालींकडून घेतलेले आहेत. म्हणून ‘अमक्या कंपनीच्या लॅपटॉपवर हायकू चालते का?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नसते. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वायफायची चिप वेगवेगळी असू शकते. विचारायचे ते चिपबद्दल.

चिपची ओळख तिच्या क्रमांकांत असते. पीसीआय जोडणीवरचे प्रत्येक उपकरण निर्मात्याचा आणि स्वतःचा असे दोन क्रमांक सांगते. इंटेलचा क्रमांक ८०८६, म्हणजे तिच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचाच! हायकूत ‘लिस्टडेव्ह’ ही आज्ञा दिली की ही यादी समोर येते. त्यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही. पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहता येते.

पण ती सुरूच झाली नाही तर?

हायकू सुरू होताना पडद्यावर सात चिन्हे एकामागून एक उजळतात, आणि दुखणे कुठे आहे ते त्यांवरूनच कळू लागते. तिसरे चिन्ह उपकरणांच्या व्यवस्थापकाचे, चौथे डिस्कचे, सातवे रॉकेटचे. गाडी चौथ्यावर अडली, तर ज्या डिस्कवरून सुरुवात करायची तीच प्रणालीला सापडलेली नसते. अशा वेळी पेनड्राइव्ह दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावून पाहावा. आतल्या डिस्कवरून सुरू करताना हे झाले, तर संगणकाच्या बायोस सेटिंगमध्ये साटा ही डिस्कची जोडणी ‘रेड’वर आहे का ते बघावे, असल्यास ‘एएचसीआय’ करावे. मात्र त्याच डिस्कवर विंडोज असेल, तर या बदलानंतर तेच सुरू होईनासे होऊ शकते. आधी बॅकअप घ्यावा.

रॉकेट उजळूनही पडदा काळाच राहिला, तर संशय ग्राफिक्सवर जातो. सुरुवातीलाच शिफ्ट दाबून धरली, किंवा बायोसऐवजी नवे यूईएफआय असल्यास स्पेसबार दाबत राहिले, की बूट लोडरचा मेनू उघडतो. त्यातला ‘फेल-सेफ’ व्हिडिओ निवडला की प्रणाली साध्या ड्रायव्हरवर चालते. याच मेनूत एखादा संशयित ड्रायव्हर वगळण्याचीही सोय आहे. एका वेळी एकच बदल करावा. तीन पर्याय एकदम बदलणाऱ्याचा संगणक कदाचित सुरू होतो, पण नेमके कशाने झाला हे त्याला कळत नाही.

एवढे करूनही वायफायच्या काही चिपांपुढे इलाज चालत नाही. तिथे हट्ट न धरता चालणारे वायफाय कार्ड बसवावे किंवा नेटवर्कची केबल लावावी.

ड्रायव्हर लिहिणाऱ्या स्वयंसेवकाच्या टेबलावर प्रत्येक लॅपटॉप नसतो. तेव्हा ज्याचा संगणक अडेल त्याने ‘सिसलॉग’ ही प्रणालीची नोंदफाइल आणि ‘लिस्टडेव्ह’ची यादी जोडून प्रकल्पाकडे तक्रार जरूर नोंदवावी.