खारे वारे, मतलई वारे आणि मेघ

दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीकडून वाहणारा मतलई वारा यांची ओळख कोकणातील कोळ्याला ग्रंथावाचूनच झालेली असते. शिडाच्या होडीला पहाटे मतलई वारा समुद्रात नेई आणि दुपारी खारा वारा घरी आणी. परंतु हेच वारे आकाशात ढगही उभे करतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी सावकाश तापते आणि घेतलेली उष्णता सहजासहजी सोडीत नाही. सूर्य वर आला की जमिनीलगतची हवा तापून हलकी होते व वर चढू लागते. तिची जागा घेण्यास पाण्यावरील दमट हवा आत शिरते व तीही वर उचलली जाते. वर जाणारी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने निवते. पुरेशी निवली की तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू होतात. हाच ढग होय. रात्री हा सारा व्यवहार उलटतो.

हा उलटा व्यवहार किती उग्र होऊ शकतो, हे पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरावर दिसते. युगांडा, केनिया आणि टांझानिया या तीन देशांत पसरलेल्या या सरोवराचे क्षेत्र सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे. दिवसा वारे सरोवरावरून चहूकडे जमिनीकडे जातात. त्यामुळे ढग काठावरच्या प्रदेशावर जमतात आणि सरोवरावरील आकाश बहुधा निरभ्र राहते. रात्री भोवतालची जमीन निवते, पाणी मात्र उबदारच असते. मग काठांवरून व डोंगरउतारांवरून आलेले गार वारे सरोवरावर एकमेकांस भिडतात. तेथील दमट हवेला वर जाण्यावाचून मार्ग उरत नाही आणि मध्यरात्रीनंतर प्रचंड गर्जन्मेघ उभे राहतात.

दुर्दैव असे की, दागा नावाची चिमुकली मासळी दिव्याच्या उजेडाला भुलून अंधाऱ्या रात्रीच जाळ्यात येते. कोळी निघतो तेव्हा संध्याकाळचे आकाश स्वच्छ असते. त्यावर विश्वास ठेवून गेलेल्या कित्येक होड्या परतलेल्या नाहीत. म्हणूनच जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने २०१७ साली येथे वादळांच्या पूर्वसूचनेचा एक प्रकल्प हाती घेण्यात आला. उपग्रह आणि रडार यांच्या साहाय्याने वर्तविलेले रात्रीचे भाकीत होडी किनारा सोडण्यापूर्वी कोळ्याच्या कानी पडावे, आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत, हा त्यामागील हेतू होता.