कोळशासाठी खोदलेला कालवा

अठराव्या शतकाच्या मध्यावर मँचेस्टरला कोळसा घोड्यांच्या पाठीवरून येई, म्हणून तो महाग पडे. जवळच वर्स्लीला ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या खाणी होत्या. पण त्यांत पाणी साचे. व्यवस्थापक जॉन गिल्बर्ट आणि अभियंते जेम्स ब्रिंडली यांनी दोन्ही अडचणींवर एकच उपाय काढला: कालवा. खाणीतलं नकोसं पाणीच कालव्याच्या कामी आलं. अरुंद नावा थेट डोंगराच्या पोटात शिरत आणि तिथेच कोळसा भरून बाहेर पडत. भुयारी कालव्यांचं हे जाळं पुढे सुमारे ७५ किलोमीटरपर्यंत वाढलं!

मला सर्वांत थोर वाटतो तो या कालव्यावरचा बार्टनचा जलसेतू. खाली इरवेल नदीत नावा, वर कमानींवरच्या कालव्यातही नावा. हे १७६१ साली! कालवा मँचेस्टरला पोहोचल्यावर कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला, आणि इंग्लंडभर कालवे खोदण्याची लाट उसळली. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे आली, तरी कालव्यावरची मालवाहतूक लगेच थांबली नाही.

पुढे मोठ्या जहाजांच्या कालव्यासाठी जुना सेतू पाडावा लागला. त्याच्या जागी पाण्यासकट बाजूला फिरणारा लोखंडी जलसेतू आला. १८९४ पासूनचा तो सेतू आजही बार्टनला उभा आहे.